न पडलेली पाकळी

बोंडू पिकले की डिचोलीत ते कुणाला सांगावं लागत नाही. खिडकी उघडी असो वा बंद, काजूच्या फळांचा तो आंबूस, गोडसर, थोडा चढणारा वास घरात येतोच. एक तर तो माणसाला फार आवडतो, नाही तर त्याचं डोकं उठतं. मधलं काही नाही. आमच्या घरात मी पहिल्या गटातली, नवरा दुसऱ्यातला. यंदाही फाल्गुन सरता सरता वास आला, त्यानं नाक मुरडून खिडकी लावली, मी ती पुन्हा उघडली आणि दर वर्षीप्रमाणे माझ्या डोक्यात काजूच्या आधी आकडे आले. शून्य ते सहा.

काही वर्षांपूर्वीच्या एका काजूच्या हंगामात मी हे आकडे गोळा करत होते. मी समुपदेशक. ज्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाला आहे, त्यांच्याशी बोलणं हे माझं रोजचं काम. त्या वर्षी आमच्या केंद्राला एका अभ्यासात मदत करायची होती. अत्याचाराच्या वेळी मुलीचं शरीर आपोआप थिजलं का आणि थिजलं तर किती, हे मोजायचं. डोळे उघडे असतात, शुद्ध असते, पण हात उचलत नाही, पाय हलत नाही, घशातून आवाज निघत नाही. भीती एका टोकाला गेली की शरीर हे स्वतःच करतं, आपल्याला विचारून करत नाही. प्रत्येक मुलीपुढे काही वाक्यं ठेवायची आणि तिनं आकडा सांगायचा. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘पूर्णपणे’ला सहा.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “भीती मोजणार? लिटरात की किलोत?” थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पण नंतर हात धुताना त्यानं हळूच विचारलं, “आणि सहा आले तर?” मी म्हटलं, सहा लिहायचे. दुसरं काय करणार?

काजूचा हंगाम तोच परीक्षांचाही. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलींच्या पिशवीत पुस्तकं असत आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाई. कागद समोर ठेवला की त्या सवयीनं पाठ ताठ करून बसत. एकीनं तर गंभीरपणे विचारलं, “मॅडम, हेच्यात बरोबर उत्तर खयचा?” मी म्हटलं, यात बरोबर-चूक काही नाही. तर म्हणते, “मगे मार्क कित्याक दितास?” आम्ही दोघी हसलो. त्या खोलीत हसू क्वचितच यायचं, म्हणून ते लक्षात राहिलं आहे.

प्रश्न विचारायला बसले की मला माझा ट्रक आठवायचा. मी मुळगावची. माझ्या शाळेच्या दिवसांत खाणी जोरात होत्या आणि लोखंडाच्या मातीनं भरलेले ट्रक एकामागून एक धावत. झाडांची पानं लाल, वाळत घातलेले कपडे लाल, आमच्या वेण्यांच्या रिबिनीही लाल. एका दुपारी मी रस्ता ओलांडत होते आणि वळणावरून ट्रक आला. हॉर्न ऐकू आला, ट्रक दिसला, ‘पळ’ असं मनात आलंसुद्धा. पाय मात्र रोवल्यासारखे. ट्रक थांबला तेव्हा त्याच्या इंजिनाची ऊब माझ्या तोंडावर येत होती. क्लीनर उडी मारून खाली आला आणि ओरडला, “मरूंक जाय गो तुका?” मरायचंय का तुला? घरी नेल्यावर आईनं साखरपाणी दिलं, मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोरीच्या पायातला जीवच गेला होता, बिचारी काय करणार. हलली नाही म्हणजे हिला ट्रक हवाच होता, असं कुणीसुद्धा म्हटलं नाही. क्लीनरही रागाच्या भरात बोलला आणि मग मला हाताला धरून घरापर्यंत सोडून गेला.

या मुलींना मात्र पोलिसापासून मावशीपर्यंत सगळे तेच विचारत. आरडूक कित्याक नाय? ओरडली का नाहीस?

त्या हंगामातली एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. तिचं नाव सांगता येणार नाही. कायदा तसं म्हणतो आणि मलाही ते पटतं. आपण तिला तन्वी म्हणू आणि तिच्या बापाला गुणाजी. पेडण्यातली डोंगराखालची वाडी, कॉलेजचं दुसरं वर्ष, दोन घट्ट वेण्या. काय घडलं ते मी लिहिणार नाही. लग्नघर होतं, बाहेर बँड वाजत होता आणि माणूस ओळखीचा होता, तिच्या मोठ्या काकांचा मेहुणा, एवढं पुरे. पोलिसांत तक्रार आईनं दिली. काकांना ती मिटवून हवी होती. गुणाजी कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हता आणि तन्वीला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. खटला उभा राहणार होता, तिला कोर्टात साक्ष द्यायची होती आणि बाप बरोबर आला नाही तर आपणही जाणार नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी गुणाजीच तिला घेऊन आला, पण आत आला नाही, अंगणातल्या आंब्याखाली बसला. आमच्याकडे सकाळी सायकलवरून पदेर पाव टाकून जाई. त्या दिवशी त्याच्याकडे काकणं होती. काकण म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव, चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारा. मी एक तिच्या हातात दिलं. तिनं ते हातात धरलं, फिरवत राहिली, खाल्लं नाही. चहावर साय धरली.

तिनं कागद भरून दिला. प्रत्येक वाक्यापुढे तीन. मी विचारलं, “सगळीकडे तीनच कित्याक गो?”

“मधला बरा,” ती म्हणाली. “जास्ती लिवला तर म्हणतले, नाटक करता. कमी लिवला तर म्हणतले, कायच जावक नाय.”

अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना मी हे वाक्य नंतर जसंच्या तसं कळवलं. त्या वेळी मी कागद उलटा करून बाजूला ठेवला. तिला सांगितलं की ही उत्तरं कोर्टात जात नाहीत, काकांपर्यंत जात नाहीत, बाहेर बसलेल्या बाबांपर्यंतही जात नाहीत. नको वाटलं तर इथंच थांबू. ती थांब म्हणाली नाही. मग मी दुसऱ्या प्रतीतून एकेक वाक्य नुसतं वाचून दाखवू लागले. ‘मला हलायचं होतं, पण अंग ऐकत नव्हतं.’ ‘मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता.’

तिनं काकण टेबलावर ठेवलं. “ह्यो प्रश्न कोणी लिवलो?”

“दूरच्या डॉक्टरांनी. पुष्कळ जणींचं ऐकून.”

“माज्या आदी?”

“तुझ्या कितीतरी आधी.”

तिनं तो उलटा कागद सुलटा केला. मग म्हणाली, “म्हणजे हा आदी कोणाक तरी जाल्ला. माका वाटलेला, फकत माकाच असा जाला. मी आरडूक नाय, म्हणजे माकाच ता जाय आसतला, असा वाटा माका.” आणि ती रडली. आवाज न करता नव्हे, चांगली हुंदके देऊन. इतकी वर्षं हे काम करते, पण प्रश्न आधीपासून छापलेला असणं हाच कुणाला एवढा आधार होईल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शांत झाल्यावर तिनं स्वतःच आकडा सांगितला. सहा. पुढच्याला पण सहा.

जाताना गुणाजी माझ्याशी बोलला. उंच, वाळका माणूस. हंगामात तो हुर्राकची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, भट्टी लावतो, त्यामुळे त्याच्या सदऱ्याला धुराचा आणि बोंडूच्या रसाचा वास होता. त्याचं स्वतःचं मोजमाप पक्कं. काचेची एक नळी तो हुर्राकमध्ये तरंगत सोडतो आणि ती किती वर राहते त्यावरून माल कडक की नरम ते सांगतो. पायांनी बोंडू तुडवण्यापासून पहिली धार येईपर्यंतचं सगळं त्यानं मला उभ्या उभ्या सांगितलं. बोंडू आपणहून पडलेलेच गोळा करायचे, हेही. “ओढून काडलेलो बोंडू आमी घेणा नाय,” तो म्हणाला. मुलीबद्दल विचारायचं धैर्य होईना म्हणून तो काजूबद्दल बोलत होता, हे मला कळत होतं. शेवटी त्यानं विचारलंच.

“तुमी ता मोजल्यात. मगे? ता खरा सांगता मां?”

पटकन ‘हो’ म्हणायचा मोह झाला. पण मी त्याला खरं तेच सांगितलं. हे माप खरं-खोटं ठरवण्याचं नाही. शरीर किती जखडलं होतं, एवढंच ते सांगतं. असं पुष्कळ जणींचं होतं, त्यात मुलीचा दोष नसतो, हे डॉक्टरांना, पोलिसांना, कोर्टाला कळावं म्हणून ते मोजायचं. माझा स्वतःचा तन्वीवर पूर्ण विश्वास आहे, हेही सांगितलं.

त्यानं मान हलवली. समाधान झालेलं दिसलं नाही. “बगतंय,” म्हणाला. “कौल लावन बगतंय.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. पोटच्या पोरीवर विश्वास ठेवायला या माणसाला देवाची परवानगी लागते? घरी येऊन मी नवऱ्याजवळ तणतणले. तो म्हणाला, “तुझ्या लग्नालाही तुझ्या वडलांनी कौल घेतला होता. तेव्हा नाही चिडलीस ती.” मी त्याला वाढायचं सोडून उठले. तसं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्या भागात पुष्कळ घरांत लग्न, घर, जमिनीचा वाद, काहीही असो, आधी देवापुढे उभं राहतात. ओल्या केलेल्या पाकळ्या देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवायच्या, मनातलं बोलायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

कौलाचा दिवस ठरल्यावर तन्वीनं फोन करून विचारलं, “मॅडम, तुमी येशात?” म्हणून मी गेले. डिचोलीहून पेडण्याला जाताना वाटेत दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, खाली पडलेले लाल-पिवळे बोंडू आणि बादल्या घेऊन वाकलेल्या बाया. देवळात गारवा होता. पुजारी, काका, गुणाजी, तन्वी, तिची आई आणि मी. पुजाऱ्यानं पिटकुळीच्या फुलांच्या लाल पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीवर लावल्या. गाऱ्हाणं काकांनी घातलं. घरात वडील तेच, तेव्हा मान त्यांचा. आवाज भरदार.

“ह्या घराची अब्रू तुज्या हातात आसा, सांबाळून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला असा होकार भरायचा असतो. गुणाजीही म्हणाला.

“घरातला घरात मिटवूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.” या वेळी आईचा आवाज आला नाही. तन्वीचे ओठ तर पहिल्यापासून बंद होते. मी परकी, मी हात जोडून उभी.

“आणि चेडवान कोर्टाची पायरी चडूची काय नाय, ता तूच सांग रे म्हाराजा!”

मग सगळे बघत राहिलो. पाकळ्या तशाच. बाहेर कुणाच्या तरी अंगणात नारळ सोलण्याचा आवाज येत होता. पुजाऱ्यानं समईची वात पुढे केली. काकांनी दोनदा घसा खाकरला. गुणाजीचा घाम कानामागून गळ्यावर उतरला. उजवी पाकळी हलली नाही. डावीही नाही. मी देवभोळी नाही, पण त्या वेळी मीही त्या पाकळ्यांवरून नजर काढली नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

काकांचा धीर सुटला. “जाला,” ते म्हणाले. “देव गप रवलो. म्हणजे आमी म्हणतो ता तेका मान्य आसा. चला.”

मी काही बोलणार होते, पण तोंड उघडायच्या आत गुणाजी बोलला. एवढ्या दिवसांत त्याचा आवाज मी असा ऐकला नव्हता. आरडाओरडा नव्हता, भट्टीवर कुणाला काम सांगावं तसा साधा आवाज.

“दादा, असा खय आसता? न पडलेल्या पाकळेचो कौल आमी कदी धरलो? बाबांनी धरूक नाय, आज्यान धरूक नाय. देव गप रवलो म्हणजे व्हय न्हय. गप रवलो म्हणजे गप रवलो. परत इचारूचा आसता.”

“मगे परत इचार,” काका चिडून म्हणाले.

गुणाजी देवाकडे वळला. हात जोडले. आणि तसाच थांबला. काय झालं ते मला आधी कळेना. मग त्याचा चेहरा दिसला. आपण आत्ताच काय बोललो ते त्याला स्वतःलाच आता ऐकू आलं असावं. त्यानं हात सोडले, वळला आणि तन्वीसमोर येऊन उभा राहिला. बाप तिच्यासमोर असा येतो आहे म्हटल्यावर ती एक पाऊल मागे सरली, ते मला आजही दिसतं.

“बाये,” तो म्हणाला, “देवाची पाकळी पडूक नाय तर आमी तेका सात पिडयो परत इचारतो. आणि तू गप रवलंस, तर तुजो कौल सगळ्यांनी धरलो. मी पण धरलंय.” त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. “आता मी तुका इचारतंय. कोर्टात जावया?”

तिला बोलायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. पुजाऱ्यानं काकांना हातानंच थांबवलं.

“जावया,” ती म्हणाली.

काका चपला घालून निघून गेले. पाकळ्या आम्ही निघेपर्यंत तशाच होत्या. नंतर कधी पडल्या आणि कुठची आधी पडली, हे मी विचारलं नाही. गुणाजीनंही विचारलं नसावं.

साक्षीचा दिवस ऐन हंगामात आला. आंबलेला रस थांबत नाही, तयार झाला की त्याच दिवशी चुलीवर चढवावा लागतो, नाही तर फुकट जातो. गुणाजीनं त्या दिवशी भट्टी पेटवली नाही. धुतलेला सदरा घालून तो कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बाकावर बसला. मुलीची साक्ष बंद दाराआड होते, आत आई गेली होती. तो दर थोड्या वेळानं मांडीवरची पिशवी सारखी करी. मी विचारलं, रसाचं काय केलं? “ओतलंय,” म्हणाला आणि पिशवी पुन्हा सारखी केली. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी फार माया वाटली. ज्याच्यावर मी घरी जाऊन तणतणले होते, तो हाच.

त्या हंगामात जमा झालेले आकडे पुढे इतर गावांच्या आकड्यांत मिसळले. त्यांचे आलेख झाले असतील, त्यावर कुणी कुठे बोललंही असेल. तन्वीचे सहा त्यात कुठेतरी आहेत. ते मोजायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. खटला अजून चालू आहे. ती आता नोकरी करते, काकांचं घर आणि यांचं घर यांच्यात जाणं-येणं नाही. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला गुणाजी आमच्याकडे गोड रसाची, नीरोची, एक बाटली पाठवतो आणि वासानं डोकं उठणारा माझा नवराच ती अर्धी संपवतो.

साक्षीच्या त्या दिवशी कोर्टाचं दार उघडलं तेव्हा तन्वी आधी बाहेर आली, मागून आई. चेहरा उतरलेला, पण पाय सरळ पडत होते. गुणाजी उठून उभा राहिला. तिनंच सांगितलं.

“तेंच्या वकिलान तोच प्रश्न इचारल्यान. आरडूक कित्याक नाय?”

“मगे?” गुणाजी म्हणाला.

“सांगलंय. आवाज फुटूक नाय. मी गप रवलंय. व्हय म्हणूक नाय.”

गुणाजीनं मान हलवली, पुन्हा हलवली. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक काकण काढून तिच्यापुढे धरलं. चहा नव्हता, बुडवायला काही नव्हतं. तिनं ते दोन्ही हातांनी मोडलं, अर्धं बापाला दिलं आणि उरलेलं तसंच कोरडं, कडाकडा चावून खाऊ लागली.